द्राक्षाच्या पानांऐवजी

बाबा, काल माझ्या लेकीनं ग्रीक स्वयंपाकाचं एक नवं पुस्तक मागवलं. सकाळपासून ते ओट्यावर उघडं पडलंय, आणि त्यातल्या निळ्या समुद्राकडे बघताबघता माझ्या दोन पोळ्या जळल्या. तुमचं ग्रीक स्वयंपाकाचं इंग्रजी पुस्तक रद्दीच्या दुकानातलं होतं, कव्हर फाटलेलं. आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ऑफिसातून आलात की तुम्ही डिक्शनरी मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात पाटावर बसायचात आणि एकेक ओळ पेन्सिलीनं मराठीत उतरवायचात. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आपल्या दोन खोल्यांत पुदिन्याचा, लिंबाचा वास भरून राहायचा. डोळे मिटले की वाटायचं, आपलं घर जमिनीपासून सुटलंय आणि हळूहळू कुठंतरी तरंगत चाललंय.

एका रविवारी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळायचा होता. द्राक्षाची पानं वर्ध्यात कुठून मिळणार? तुम्ही मागच्या अंगणातला धोपा, म्हणजे अळू, तोडून आणलात. मी समोर बसले आहे. तुम्ही एकेक पान पुसताय, त्यात भात ठेवताय, तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी घडी घालताय. बाहेर ऊन आहे.

पानं कच्चीच राहिली. पहिल्याच घासाला माझा घसा खाजायला लागला. ताट सरकवून मी ओरडले, "काऊन करता हे असलं? आईसारखं साधं वरण नाई करता येत तुम्हाले?"

तुम्ही रागावला नाहीत. मला गुळाचा खडा दिलात, पाणी दिलंत, स्वतःचा घसा खाकरलात.

"मी वरण केलं का तुले तिचंच आठवते," तुम्ही म्हणालात, "मलेही तिचंच आठवते. हे तिनं कधी केलंच नाई. बिघडलं तर बिघडलं, कोणाशी ताडून तर पाहाचं नाई."

मी चौदा वर्षांची होते. एक पान उलगडलं आणि आतला भात तेवढा खाल्ला. चांगला झाला होता. पुढच्या रविवारी तुम्ही कोबीची पानं आणलीत, आणि त्या दुपारी आपण दोघं पहिल्यांदा आईबद्दल बोललो, बराच वेळ.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहून टाकते. ते सगळं वर्ष शाळा सुटली की मी शेजारच्या काकूंकडे पोटभर जेवून यायची, आणि संध्याकाळी तुमच्यासमोर उपाशी असल्यासारखी बसायची.