पारांग नेसायचा निर्धार

३ ऑगस्ट, सकाळ

आजपासून रोजनिशी. घरंदाज माणसाच्या आयुष्याची कुठेतरी नोंद राहायला हवी. उभी नोकरी पाणीखात्यात नोंदी ठेवण्यात गेली, पण त्या पंपांच्या.

वेनिंगचं लग्न पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. एकुलती एक मुलगी. मांडवात वधूपिता सगळ्यांच्या पुढे चालणार, नवरानवरी मागून माझ्या कोटाची टोकं धरून येणार, आणि अख्खं सोलो शहर बघणार. तेव्हा त्या दिवशी मी कमरेला काय नेसतो, याला महत्त्व आहे. महिनाभर रागवायचं नाही असं ठरवलंय. व्याह्यांशीही गोड बोलायचं.

४ ऑगस्ट

रागावलो. पण कारण होतं.

पत्रिकेच्या मसुद्यात मी माझ्या नावाआधी ‘रादेन’ लिहिलं होतं. खानदानी माणसाची पदवी आहे, लिहायला हवी. वेनिंगने लाल पेनने काट मारली. म्हणाली, बाबा, आपण सरदार कधीपासून झालो? मी शांतपणे सांगितलं की माझे आजोबा राजवाड्यात होते. तर ही स्वयंपाकघरातून ओरडली, “राजवाड्यात कसले! राजवाड्याच्या पांढऱ्या म्हशींमागे होते, टोपली घेऊन.”

मग म्हशी काय भाड्याच्या होत्या? राजाच्याच होत्या ना? त्या म्हशींचं शेण अजूनही लोक मिरवणुकीत प्रसाद म्हणून उचलतात. म्हणजे आमच्या आजोबांच्या हातात रोज केवढा प्रसाद असायचा, याचा हिने कधी विचार केलाय?

वर म्हणते, घरात एक रादेन आहे तेवढा पुरे. तो पिंजऱ्यातला. आमच्या होल्याचं नाव रादेन. मीच ठेवलंय. फार भारदस्त घुमतो.

८ ऑगस्ट

सेमारांगहून विहीणबाईंचं पार्सल. काळं कापड, त्यावर बारीक बारीक चांदण्या. त्रुन्तुम. वधूवरांच्या आईबापांनी हेच नेसायचं असतं, ते मला शिकवायला नको. पण बाईंनी एकाच ताग्यातून चार तुकडे फाडलेत! म्हणजे मी आणि हार्तांतो अगदी सारखे. हार्तांतो म्हणजे आमचे व्याही. फरशांचं दुकान आहे. त्याही बाथरूमच्या. मी पाणीखात्याचा निवृत्त उपप्रमुख. दोघं एका कापडात उभे राहिले, तर लोकांना कळणार कसं कोण कोण ते?

हिला विचारलं. म्हणाली, “त्यात कळायचंय काय? तुम्ही मुलीचे बाप, ते मुलाचे बाप. बाकी कुणाला काय करायचंय?”

हिच्याशी इतिहासावर बोलण्यात अर्थ नाही.

९ ऑगस्ट, पहाटे

झोप नाही. विचार केला. एके काळी कापड बघून माणूस कळायचा. पारांग, म्हणजे त्या तिरक्या लाटांच्या ओळी, राजघराण्याखेरीज कुणी नेसून आला तर राजवाड्याच्या दारातूनच त्याला परत पाठवत. आता बाजारात पारांगच्या चपला मिळतात. मोबाईलची कव्हरं मिळतात. आमच्या कोपऱ्यावरच्या कचराकुंडीवर नगरपालिकेने पारांग रंगवलंय. गल्लीतल्या सायकलरिक्षावाल्याचा शर्ट पारांगचा, आणि तोही कोपराला फाटलेला. कुणीतरी हे थांबवायला हवं की नको?

ठरलं. लग्नात मी पारांग नेसणार. मोठ्या लाटांचं, खुद्द राजाचं.

विहीणबाईंचं त्रुन्तुम रादेनच्या पिंजऱ्यावर घातलं. पहाटे त्याला गार लागतं.

११ ऑगस्ट

जेवताना जाहीर केलं. ही भात वाढता वाढता थांबली. वेनिंग म्हणाली, बाबा, लग्नात पारांग? संसारात भांडणं लागतात म्हणतात! मी म्हटलं, तू बँकेत काम करतेस, शिकलेली मुलगी, असल्या अंधश्रद्धा तुला शोभत नाहीत. त्यावर म्हणाली, आणि राजाचं कापड नेसलं की माणूस मोठा होतो, ही कुठली श्रद्धा?

मी आमटीकडे लक्ष दिलं.

मग तिने जे म्हटलं ते इथे लिहितो, कारण ते मला अजिबात लागलेलं नाही. म्हणाली, “तुम्ही पारांग नेसून आलात तर मी तुमच्या कोटाला हात लावणार नाही. पुढे सुगेंगमामा चालेल.”

सुगेंग म्हणजे हिचा धाकटा भाऊ. गॅरेज आहे. चालताना पाय फेंगडे पडतात.

मुलगी आहे, बोलेल. प्रत्यक्ष त्या दिवशी माझं रूप बघितलं की सगळं विसरेल.

१५ ऑगस्ट

बाजारात गेलो. दुकानदारीणबाई पारखी निघाली. मला बघताक्षणी म्हणाली, “साहेब, तुमची चालच सांगते, तुम्ही साध्या घरचे नव्हेत.” असं या शहरात अजून कुणी म्हटलं नव्हतं. पारांग काढलं. काय त्या लाटा! बाई म्हणाली, शेवटचाच तुकडा उरलाय, कालच एका मोठ्या पार्टीने याचा गठ्ठाच्या गठ्ठा उचलला. म्हणजे कुठल्या तरी जुन्या घराण्यात कार्य असणार. अशा लोकांच्या पंगतीत आपली आवड बसते, याचं मला नवल वाटलं नाही.

घासाघीस केली नाही. राजे घासाघीस करत नसत. किंमत लिहीत नाही, रोजनिशी ही चोरून वाचत असावी असा संशय आहे.

१८ ऑगस्ट

मागच्या अंगणात पारांग नेसून चालायचा सराव. कापड घोट्यापर्यंत घट्ट, त्यामुळे पाऊल वीतभरच पडतं. जुने राजे एवढे संथ का चालत, ते आज उमगलं. पायरीवरून पडलो. पडलो म्हणजे बसलो. शेजारच्या म्हातारीने कुंपणावरून विचारलं, काय हो, पाय आखडलाय का? चोळायला तेल पाठवू?

पाठवलं. चोळलं. आराम पडला.

२२ ऑगस्ट

ही माहेरी गेलेली बघून पारांग गुपचूप धुतलं. बादलीभर तपकिरी पाणी निघालं. अस्सल रंग असाच सुटतो. माझा हात मात्र मनगटापर्यंत तपकिरी झालाय. हिला सांगितलं, चहा सांडला. वाळत घालताना दिसलं की कापडाची मागची बाजू फिकी आहे, जवळजवळ पांढरी. हाताने मेणकाम करून रंगवलेलं कापड दोन्हीकडून सारखं दिसतं, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात. नेसल्यावर मागची बाजू माझ्याकडे असणार, आणि माझी काही तक्रार नाही.

२५ ऑगस्ट

सुगेंग आला होता. अंगणात छाती काढून येरझाऱ्या घालत होता. विचारलं, हे काय? म्हणाला, “काही नाही भावजी, ताईने सांगितलंय, सराव असू दे.” ताईने! म्हणजे घरात कट शिजतोय.

तेव्हा राजकारण केलं. वेनिंगला बोलावून सांगितलं, बाळ, तू म्हणतेस तर त्रुन्तुमच नेसेन. तिने एकदम गळ्याला मिठी मारली. लहानपणी शाळेच्या फाटकात मारायची तशी. रात्री आपण होऊन आल्याचा काढा करून आणला, गुळाचा खडा घालून. काढा नीट उतरला नाही. आलं जास्त झालं असावं.

खोटं बोललो असं नाही. पूर्ण खरं सांगितलं नाही, इतकंच.

२७ ऑगस्ट

रादेनच्या पिंजऱ्यावरचं कापड नाहीसं झालंय! वाऱ्याने उडालं असणार. बरंच झालं, आता मनात आणलं तरी नेसता यायचं नाही. ही दोरीवर काहीतरी काळं वाळत घालत होती. बायकांचे कपडे असतील, मी लक्ष दिलं नाही.

१ सप्टेंबर

घरी रंगीत तालीम. विधी असा की वधूपित्याने मुलीला एका मांडीवर आणि जावयाला दुसऱ्या मांडीवर बसवायचं. मग आईने विचारायचं, कोण जड? बापाने म्हणायचं, दोघंही सारखेच.

हिने विचारलं, कोण जड? मी म्हटलं, वेनिंग. खरंच होती. तेगार, म्हणजे आमचा जावई, अगदी काडी आहे. ही म्हणाली, “अहो, सारखेच म्हणायचं असतं!” मी म्हटलं, पण नाहीत ना सारखे. जगात कोण कुणासारखं असतं? वजन वेगळं, घराणं वेगळं, हुद्दा वेगळा. सारखं म्हणून कसं चालेल? ही म्हणाली, पाच तारखेपर्यंत तेवढे दोन शब्द पाठ करा.

५ सप्टेंबर, पहाटे

तो दिवस. बेत पक्का आहे. हॉलची व्यवस्था बघतो असं सांगून सगळ्यांच्या आधी निघणार, तिथेच कपडे करणार आणि ऐन मुहूर्ताला दारात उभा राहणार. एकदा बघितल्यावर कुणाची बोलायची टाप नाही.

पारांग पिशवीत भरलंय, वरून वर्तमानपत्र. रादेन आज घुमला नाही.

५ सप्टेंबर, संध्याकाळी, घरी

सगळं क्रमाने लिहितो. कुणी उलटसुलट सांगण्याआधी आपण लिहिलेलं बरं.

हॉलच्या न्हाणीघरात कपडे केले. काळा कोट, डोक्याला बांधीव ब्लांगकोन, पाठीशी कट्यार, कमरेला पारांग. आरशात बघितलं. खरं सांगतो, डोळे भरून आले. बाहेर पडलो, वीतभर वीतभर पावलं टाकत. हॉलमध्ये पाहुणे जमायला लागले होते. एका खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईंनी मला हाताने बोलावलं. वाटलं, पाया पडायचं असेल. बाई म्हणाल्या, “बाळा, सूप गार झालंय रे. जरा गरम आणतोस?”

दृष्टी अधू असेल बाईंची. पुढे गेलो. एका गृहस्थांनी रिकामी ताटली हातात दिली. दुसऱ्याने त्यावर पेला ठेवला. तेव्हा मान वळवून जेवणाच्या टेबलांकडे बघितलं.

काळे कोट. ब्लांगकोन. आणि टेबलामागे ओळीने, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मोठ्या लाटांचं पारांग. माझंच पारांग. भातावर, सुपावर, कोंबडीच्या सळ्यांवर, सगळीकडे माझ्यासारखाच एकेक राजा उभा.

कुठल्या घराण्याने गठ्ठा उचलला होता ते कळलं.

तेवढ्यात त्यांचा मुकादम आला. “काका, नवीन का तुम्ही? बिल्ला कुठाय? आणि ही कट्यार कुणी लावायला सांगितली? सुपाच्या भांड्यात अडकेल ना!” असं म्हणून त्याने बर्फाच्या चहाचा ट्रे माझ्या हातात ठेवला. सांगायला हवं होतं मी कोण ते. तोंड उघडलंही. पण काय सांगणार होतो? त्याच्यात न् माझ्यात फरक दाखवायला माझ्यापाशी काही नव्हतं. ट्रे घेऊन चालायला लागलो. पावलं मात्र छान पडत होती, सराव होता.

समोर हार्तांतो. अंगावर त्रुन्तुम. माझ्याकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं, लाटांकडे बघितलं. म्हटलं, झालं, आता हा माणूस जन्मभर सांगत सुटणार. तर त्याने ट्रेची दुसरी बाजू धरली आणि म्हणाला, “व्याही, मुलीचा बाप पाहुण्यांना स्वतः चहा देतो! काय तुमच्या घरची रीत! चला, मीही धरतो.” आणि आम्ही दोघांनी तो ट्रे धरून अख्ख्या रांगेला चहा दिला. मनाने मोठा माणूस निघाला. फरशांचं दुकान आहे म्हणून काय झालं?

मग वाद्यं सुरू झाली. मागच्या दारात सुगेंग कोट झटकत उभा. त्याच्या बाजूला वेनिंग, नटलेली, डोळे मला शोधणारे. तिने मला बघितलं. मला, ट्रेला, पारांगला. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती खाली बघायला लागली.

कापड गेलं चुलीत. मला पुढे चालायचं होतं.

मागून कुणीतरी कोट ओढला. ही. हातात पिशवी. पिशवीत त्रुन्तुम, धुतलेलं, इस्त्री केलेलं, निऱ्यासुद्धा घालून आणलेलं. म्हणाली, “चला लवकर. भांडीघराच्या मागे कुणी नाही.” मी विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, “अहो, मनगटापर्यंत चहा सांडतो का कुणाचा?”

पोत्यांच्या आडोशाला ही नेसवत होती, हार्तांतो माझी कट्यार धरून पहाऱ्यावर उभा होता. एका निरीत रादेनने केलेला पांढरा डाग राहिला होता. ही म्हणाली, राहू दे, चांदणीसारखा दिसतो.

बाहेर आलो. सुगेंग बाजूला झाला. चांगला आहे तो. मी पुढे उभा राहिलो आणि वाट बघितली. कोटाला मागून हात लागेना. मान वळवायची छाती होईना. मग एका बाजूला ओढ लागली. ती तेगारची. नंतर दुसऱ्या बाजूला. घट्ट मूठ. मागून हळूच ऐकू आलं, “चला, बाबा.”

चाललो. डोळ्यांत पाणी, समोरचं काही दिसेना. वाटेत दोनदा खांबाला धडकलो असतो.

मांडीवर दोघं बसली. हिने विचारलं, कोण जड? पाठ केलं होतं. म्हटलं, “सारखेच.” नंतर न सांगता पुन्हा म्हणालो, “सगळे सारखेच.” लोक हसले. एवढं मोठ्याने म्हणायचं नसतं म्हणे.

१४ सप्टेंबर

लग्नाचे फोटो आले. बैठकीत लावायला वेनिंगने एक निवडून मोठा करून पाठवला. मी पुढे, ती दोघं मागे. फोटोग्राफरने सगळ्यांना कमरेपासून वरच घेतलंय. पारांग, त्रुन्तुम, काही म्हणजे काही दिसत नाही. खालच्या कडेला फक्त माझा कोट आणि तो धरलेली वेनिंगची मूठ.

पारांग आता रादेनच्या पिंजऱ्यावर आहे. ही म्हणते, त्याला शोभतं.