ताराच्या पोटची पांढरी

६ नोव्हेंबर, गुरुवार

सात झाली. सहा काळी-तांबूस, जशी व्हायला पाहिजेत तशी. आणि एक पांढरं!

आधी वाटलं, अंगावरचा पडदा नीट सुटला नाही म्हणून तसं दिसतंय. टॉवेलनं पुसलं. पुन्हा पुसलं. पांढरं ते पांढरंच. तारा मान वळवून माझ्याकडे बघत होती — पुरे आता, दे इकडे.

जर्मन शेफर्डला पांढरं पिल्लू! इतकी वर्षं कुत्री पाळतोय, माझ्या घरी कधी झालं नाही. प्रदर्शनात पांढरा शेफर्ड रिंगणात उभासुद्धा करत नाहीत. नियमच आहे तसा.

कांता चहा घेऊन आली अन् दारातच थांबली. "अवं माय! कापसाचं बोंडच जी हे! मादी हाय का? कापशी म्हणू हिले."

बायकोवर ओरडलो मी. नाव ठेवू नको म्हटलं. का ओरडलो, माहीत नाही.

भैय्याजींना कळवायला पाहिजे. बाप त्यांचाच कुत्रा, सुलतान. दुकानात जाऊन फोन करतो.

नाही केला.

८ नोव्हेंबर, शनिवार

भैय्याजी स्वतःच आले, पेढे घेऊन. सुलतानची पिल्लं झाली की ते पेढे आणतातच. खोक्याजवळ उकिडवे बसले, एकेक पिल्लू उचलून पाहिलं. चेहरा खुलला होता. मग पांढरं हातात आलं. उलटंसुलटं केलं, तोंड उघडून टाळू पाहिला, परत ठेवलं. हात पँटला पुसले.

"तारा बाहेर गेली होती?"

"नाही जी."

"इचार करून सांग, प्रेमा. फाटक उघडं राह्यलं असन. एका वेताले दोन बाप होऊ शकतेत, तुले माहीत हाय. सहा सुलतानचे, एक गल्लीतल्या कुत्र्याचं."

मी नाही नाही म्हणत राहिलो, पण आवाज बारीकच होत गेला. जाताना फाटकाशी म्हणाले, "कोणाले दाखवू नको. डोळे उघडायच्या आत मोकळा हो याच्यातून."

मोकळा हो! काय ते मला समजलं. पेढ्याचा डबा ओट्यावर तसाच आहे. कोणी उघडला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

कांताला विचारलं — तारा माजावर होती तेव्हा फाटक कधी उघडं राहिलं का?

"सिलिंडरवाला आला होता एक दिवस... आठवत नाई जी मले. पण तारा अंगणातच होती."

आठवत नाही! एवढंच पुरे झालं मला. दिवसभर मोटारीचं वाइंडिंग करत होतो, एक गुंडाळी उलटी घातली, सगळी उसवावी लागली. आता सहाही पिल्लांवर शंका. आणि ताराकडे पाहतो तेव्हा — लाज वाटते लिहायला — तिच्यावर पण.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जनावरांच्या डॉक्टर भूमिकांना घरी बोलावलं. जंताचं औषध विचारायचं म्हणून बोलावलं, खरं कारण हेच.

त्यांनी पांढरीला तळहातावर घेतलं. नाकावर एक काळा ठिपका आलाय, मला दिसलाच नव्हता! म्हणाल्या, "काका, नाक काळं होऊन राहिलं, डोळे पण काळेच होतील. आजारी नाही ही. फक्त केस पांढरे आहेत."

मग समजावून सांगितलं. हा रंग आई आणि बाप, दोघांकडून यावा लागतो. दोघं दिसायला काळे-तांबूस असले तरी पोटात पांढरा लपलेला असू शकतो. म्हणजे ताराकडे तो आहेच. दुसरा अर्धा बापाचा.

"पण बाप कोण?"

"सुलतानच्या गालातून कापसाची काडी फिरवून आणा. डीएनए तपासून घेऊ, म्हणजे सगळ्यांच्या जिवाला शांतता."

शांतता! सुलतानचा गाल म्हणजे भैय्याजींचा गाल. काडी कोण फिरवणार?

१६ नोव्हेंबर, रविवार

फोनवर विचारलं. घसा तीनदा खाकरून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग — "माह्या कुत्र्याच्या तोंडात काडी? तू मले सुलतानचं कूळ शिकवून राहिला?"

"तसं नाही भैय्याजी, फक्त —"

"तुले माह्यावर भरोसा नाई. बस. समजलं."

फोन ठेवून दिला.

हा माणूस जळालेली पंपाची मोटार घेऊन माझ्या दुकानात आला होता, तेव्हा मी लग्नाळू पोरगा. गाडीत त्याची कुत्री होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती शांत बसली. म्हणाले, "तुह्या हातात गुण हाय." ताराची पणजी पिल्लू असताना त्यांनीच दिली. पहिल्या प्रदर्शनात कोणीतरी माझं आडनाव विचारलं, मग वडील काय करत, मग वस्ती कोणती. भैय्याजींनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "माह्या घरचा माणूस हाय. अजून काही इचारायचं हाय?" तो हात मी विसरलो नाही. म्हणूनच तर हे सगळं इतकं जड जाऊन राहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डोळे उघडले. काळेभोर. आता काय?

२३ नोव्हेंबर, रविवार

व्हॉट्सॲपच्या शेफर्डवाल्या ग्रुपवर सकाळपासून भांडण पेटलंय. कोणीतरी परदेशातल्या पांढऱ्या शेफर्डचा फोटो टाकला. कोणी म्हणतो, राखण करतो, हुकूम ऐकतो, मग रंगानं काय बिघडलं? दुसरा म्हणतो, नियम कशाला बनवले मग? तिसरा — आज पांढरा चालू द्या, उद्या लोक निळे-जांभळे काढतील. मी प्रत्येक मेसेज वाचतो आणि वाटतं, माझ्याच घरात डोकावून लिहून राहिलेत. भैय्याजी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पाहिलंय पण सगळं. सकाळपासून ऑनलाइन दिसतात.

दुपारी जरीपटका भागातला अंकुश दुकानात. पिल्लं विकतो तो. कांताच्या तोंडून बाजारात निघालं असावं.

"काका, पांढरी हाय म्हणे तुमच्याकडं! मले द्या. रेअर म्हणून इंस्टावर लावतो. मोठी झाली का तिच्या भावासंगच लावू. सगळे पांढरेच निघतीन!"

"भावासोबत?"

"त्यात काय जी! कुत्रेच तं हायेत."

एकाला ती मेलेली पाहिजे. दुसऱ्याला तिच्या पोटातून कारखाना काढायचाय. मी हाकललं त्याला. पण हसत गेला तो. सांगेल आता सगळीकडे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तसंच झालं. भैय्याजी दुकानात आले. चिडलेले असते तर बरं झालं असतं. थकलेले होते. स्टुलावर बसले, पाणी मागितलं.

"मी राक्षस नाई, प्रेमा. मी ग्रेट डेनचे पांढरे पिल्लं पाह्यले हायेत. एकाच्या घरी, आठ-दहा. टाळी वाजवली तरी मान हलवत नव्हते. दोन तं आंधळे. काहून झाले? लोकायले ठिपक्यावाला रंग पाह्यजे होता म्हणून. रंगाच्या मागं लागलं का जनावराचे हाल होतेत. म्हणून मी रेघ मारून बसलो हावो."

मी म्हटलं, ही बहिरी नाही भैय्याजी. भांडं वाजलं की पहिली हीच मान वळवते.

"माहीत हाय." हळू म्हणाले. मग — "डिसेंबरच्या एकवीसले प्रदर्शन हाय. सुलतानचं शेवटचं. त्याच्या आत पिल्लू माह्या घरी आणून दे. तुह्या हातून होत नाई तं मी पाहतो."

मी हो म्हटलं.

हो म्हटलं! तोंडातून निघालं कसं?

२ डिसेंबर, मंगळवार

काल रात्री जेवताना मेघाला सांगत होतो, ग्रुपवर काय चाललंय ते. बोलता बोलता म्हणालो, रक्त शुद्ध राहिलं पाहिजे हे लोकांचं चूक नाही.

पोरीनं घास खाली ठेवला. "बाबा, हा शब्द कुठून शिकले तुम्ही?"

"कोणता?"

"आजोबा छप्पनले दीक्षाभूमीवर उभे होते. रक्तावरून माणूस ठरवायचे, ते सारं मागं टाकून आले. अन् त्यायच्याच घरात तुम्ही शुद्ध-अशुद्ध करून राहिले."

"कुत्र्याची गोष्ट आहे ही! माणसाची नाही!"

"मंग माणसासारखं लपवता काहून तिले?"

कांता मध्ये पडली, भाजी वाढू का म्हणाली. मेघा उठून गेली.

मला शेफर्ड आवडतो तो शेफर्डसारखा वागतो म्हणून. त्याचं कूळ माहीत असलं की स्वभाव माहीत असतो, हाडाचे आजार टाळता येतात. यात काय पाप? पण दुकानाच्या पाटीवर खाली मीच लिहून घेतलंय — "जातिवंत जर्मन शेफर्ड पिल्ले मिळतील". आज शटर उघडताना तो पहिला शब्द वाचला. कितीदा वाचला असेल आजवर. आज खाली बघून आत गेलो.

९ डिसेंबर, मंगळवार

विधानसभेच्या अधिवेशनामुळे रस्ते बंद. भैय्याजींकडे आज जायचं होतं, गेलो नाही. बहाणा मिळाला.

१६ डिसेंबर, मंगळवार

गेलो.

कांता बाहेर आली नाही. मी मेघाच्या जुन्या स्वेटरमध्ये पांढरीला गुंडाळलं, पिशवीत घातलं, स्कूटरला पुढे अडकवली. सिग्नलला तिनं डोकं बाहेर काढलं. शेजारच्या ऑटोतल्या बाईनं हात पुढे करून तिचा कान चोळला, "किती गोड!" म्हणाली. हिरवा लागला तरी मी उभाच. मागून हॉर्न वाजायला लागले.

नंदनवनला भैय्याजींच्या घरी दार रंभावहिनींनी उघडलं.

"ते पारशिवनीले गेले, वावरात काम हाय. उद्या येतीन." मग पिशवी हलली. "काय हाय त्यात, भाऊ?"

पिशवी उघडून धरली.

वहिनी पाहत राहिल्या. पायरीवरच बसल्या. पांढरीला काढून मांडीवर घेतलं, स्वेटरसकट.

"परत झालं?"

"परत म्हणजे?"

"सुलतानच्या आजीले झालं होतं असंच. मंग त्याच्या मायले. एकदा दोन झाले." त्या पिल्लाकडेच बघून बोलत होत्या. "मले म्हणायचे, तू आत जाय. मी आत जायची. थोड्या वेळानं बाहेर येऊन पाहो तं खोक्यात सारे काळे."

गल्लीतला कुत्रा नव्हताच! फाटक, सिलिंडरवाला — काहीच नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पांढरीला हातात धरून, माझ्या डोळ्यात बघून, ताराला बाहेर गेलेली ठरवलं.

"वहिनी, मी हिला परत नेतो."

"नका नेऊ."

"पण भैय्याजी उद्या —"

"येऊ द्या. मी आत जाणार नाई."

मी हात पुढे केला, त्यांनी पिल्लू छातीशी धरलं. मग मी निघालो. रिकामी पिशवी वाऱ्यानं गुडघ्यावर आपटत होती.

१७ डिसेंबर, बुधवार

कांताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रंभाबाईचं कधी चाललं त्या घरात?"

आज ते परत आले असतील. दोनदा फोन केला. उचलला नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

उचलला नाही. तारा खोक्यात पिल्लं हुंगते, सहा हुंगून झाली की पुन्हा पहिल्यापासून हुंगते. मी काहून सोडून आलो? म्हाताऱ्या बाईच्या भरवशावर? स्वतःच्या हातानं दिलं नाही, एवढंच समाधान पाहिजे होतं का मला?

मेघा नंदनवनला जाते म्हणाली. मी थांबवलं. गेली असती तर कळलं असतं. कळू नये असंच वाटतंय मला.

२१ डिसेंबर, रविवार

सुलतान जिंकला. वय झालंय, पण चालला काय! रिंगणाभोवती लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भैय्याजींना शाल घातली. नवी पोरं पाया पडत होती. अंकुशही होता रांगेत.

गर्दी पांगली तेव्हा मी गेलो.

"भैय्याजी, पिल्लू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुलतानचा पट्टा सोडवत होते. "कोणतं पिल्लू?"

एवढंच. मग गाडीत बसले.

मी तंबूच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथे कोणी नव्हतं. घरी येऊन कांताला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. ताराजवळ फरशीवर बसून राहिलो.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी ग्रुपवर भैय्याजींच्या नंबरवरून फोटो. उन्हात सुलतान आडवा पडलाय, त्याच्या पोटाला टेकून पांढरी झोपलीय. खाली — "सुलतानची पोरगी. कोणाले काही बोलायचं असन तं घरी येऊन बोला. रंभाबाई."

दुपार झाली. मेसेज तसाच आहे. भैय्याजींनी काढला नाही.

आत्ता त्याच नंबरवरून मला एकट्याला आला. हा वहिनींचा नाही — "प्रेमा, हिले काय खाऊ घालत होता? माह्या हातचं खाऊन नाई राहिली."