चौथ्या भागातली किल्ली

बाई, तुमच्यासमोर मी तुम्हाला कधी बाई म्हटलं नाही. समोर तुम्ही फ्राऊ आणि पुढे तुमचं लांबलचक आडनाव. पण मनात पहिल्या आठवड्यापासून बाईच, कारण आमच्याकडे शाळेत जी शिकवते आणि जिला थोडं घाबरायचं असतं, तिला बाई म्हणतात. तुम्ही मला शेवटपर्यंत ‘झी’, म्हणजे जर्मनमधलं ‘तुम्ही’, म्हणत राहिलात आणि मला ते ‘तू’च ऐकू यायचं. आज हे लिहायला मी चौथ्यांदा बसलोय. दोनदा उठून शेगडी बंद आहे का पाहून आलो, एकदा सायकलला नीट कुलूप लावलंय का ते. बायको जाता जाता म्हणाली, ज्या बाईंना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं त्यांना मराठीत पत्र लिहितोयस, म्हणजे त्यांनी ते वाचू नये याचीच सोय केलीस. ती अशीच बोलते, आणि बहुतेक वेळा बरोबर बोलते.

मी तेव्हा बर्लिनला पीएचडी करत होतो, जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर गणिताने कशी काढायची यावर. आमच्या विभागाच्या फलकावर तुम्ही हाताने लिहिलेली चिठ्ठी लावली होती, टेपचा आवाज कळणारा माणूस हवा म्हणून. मागच्या अंगणातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुमचं स्वयंपाकघर. टेबलावर पाव कापायची फळी आणि तिला खेटून दोन टीव्ही. लोक जिथे मुरंब्याच्या बरण्या ठेवतात त्या कोठीत व्हिडिओच्या टेपा, प्रत्येकीवर पेन्सिलने लिहिलेलं. इटालियन टेलिव्हिजनच्या सत्तरच्या दशकातल्या रहस्यमालिका एक छोटा प्रकाशक डीव्हीडीच्या संचात काढत होता आणि त्या जुळवायचं काम तुमच्याकडे होतं. चित्र इटलीहून यायचं, जर्मन आवाज कुणीतरी घरी रेकॉर्ड करून ठेवलेल्या टेपांवरून. इथे दाखवताना वेळ वाचवण्यासाठी कापून टाकलेले प्रसंग शोधून पुन्हा जागच्या जागी बसवायचे, ते इटालियनमध्येच, खाली जर्मन ओळी देऊन. तीस वर्षं तुम्ही टेलिव्हिजनच्या संकलन विभागात काढली होतीत. हे काम आपण वेळ जावा म्हणून करतो असं तुम्ही सांगायचात, पण नवी टेप आली की तुम्ही कोट न काढता, उभ्याउभ्याच ती लावून बघायचात.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला झापलंत. तुमचं जर्मन भरभर, माझं तुटकं, म्हणून तुम्ही काहीही म्हणालात की मी मान हलवून ‘या, या’, म्हणजे हो हो, करत होतो. तुम्ही मशीन थांबवलंत आणि मी आत्ता काय सांगितलं ते सांगा म्हणालात. मला एक शब्द सांगता येईना.

“कळलं नसेल तर नाही म्हणायचं. मी चुकले तर चुकलात म्हणायचं. हो म्हणायला मला माणूस नकोय.”

माझे कान लाल झाले. वडील सोडून कुणी मला असं बोललं नव्हतं. मग तुम्ही, जणू काही झालंच नाही अशा थाटात, केकचा तुकडा पुढे सरकवलात आणि आवाज बंद करून टीव्हीकडे बोट दाखवलंत. अजून मला ते दिसतं. पडद्यावर मिलानमधला एक दवाखाना आहे, बाहेर धुकं, पांढऱ्या कोटातली माणसं तोंडं हलवताहेत, आणि तुम्ही सांगताय की गोष्ट ऐकायची नाही, हात बघायचे. कुणाच्या हातात पेला आहे, सिगारेट किती उरली आहे, हातमोजा घातलाय की खिशात आहे. तुकडा चुकीच्या जागी बसला तर आधी हात सांगतात. मी हात बघायला शिकलो. दोन हिवाळे आठवड्यातून तीनदा मी त्या खुर्चीत बसलो आणि मला इटालियन येत नाही म्हणून कधी काही अडलं नाही.

मिलानच्या दवाखान्याच्या त्या सहा भागांच्या मालिकेतला चौथा भाग. मोलकरीण मेलेल्या डॉक्टरच्या टेबलाच्या खणात गुपचूप किल्ली ठेवते, हा दीड मिनिटाचा कापलेला तुकडा. पुढे इन्स्पेक्टर खण उघडतो आणि त्याला किल्ली सापडते. तुम्ही तो तुकडा इन्स्पेक्टरच्या नंतर बसवलात. म्हणजे किल्ली आधी सापडते आणि मग ठेवली जाते. अख्ख्या रहस्याचा विचका. तुम्हाला त्या दिवशी सर्दी होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि इटलीहून आलेल्या यादीतच क्रम उलटा होता. कुणीही चुकलं असतं. मला ते पहिल्या फेरीतच दिसलं. इन्स्पेक्टरच्या हातात किल्ली, मग मोलकरणीच्या हातात तीच किल्ली. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे वळलात.

“तर मग, बरोबर आहे ना?”

“गेनाऊ,” मी म्हणालो. अगदी बरोबर.

संच छापून आला तेव्हा मागच्या बाजूला तुमच्या नावाखाली बारीक अक्षरात माझं नाव होतं. तपासणी, असं लिहून. तुम्ही मला आधी सांगितलं नव्हतंत. आनंदाने मला बघत उभ्या होतात, मी पाकीट उलटं करेपर्यंत. पंधरा दिवसांत संग्राहकांनी इंटरनेटवर चौथ्या भागाची चिरफाड केली. असल्या लोकांना झोपेतसुद्धा चूक सापडते. प्रकाशकाने सगळ्यांना दुरुस्त डीव्हीडी पाठवल्या आणि पुढच्या चार मालिका दुसऱ्या कुणाला तरी दिल्या. कोठीतल्या टेपा तुम्ही स्वतः खोक्यांत भरून पोस्टात नेल्यात. चूक माझी एकटीची, असं तुम्ही त्यांना लिहून दिलंत. हे सगळं तुम्ही मला फोनवर सांगितलंत, मी तोवर रेगेन्सबर्गला नोकरीला लागलो होतो. तुम्ही विचारलंत, तुम्हालाही नाही ना दिसलं? नाही दिसलं, मी म्हणालो. तुम्हाला बरं वाटलं, हे मला ऐकू आलं. मग तुम्ही माझीच समजूत घातलीत, की चार डोळ्यांना दिसलं नाही म्हणजे ते अवघडच असणार. त्यानंतर मी फोन करणं कमी केलं, आणि दोन वर्षांनी तुमच्या बहिणीकडून तुम्ही गेल्याचं, काळ्या कडेचं पत्र आलं.

इतकी वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगतो, बाई. इथल्या गणपतीत जेवणं झाली की आमच्यासारखेच इंजिनिअर गोळा होतात आणि जर्मन माणसं कशी तोंडावर बोलतात याच्या गप्पा निघतात. मग मी किल्लीची गोष्ट काढतो. आपल्याला बाईंची चूक बाईंना दाखवायची सवयच नाही हो, जीभच उचलत नाही, असं म्हणतो. सगळे हसतात, माना डोलावतात, आपापल्या साहेबांच्या गोष्टी सांगतात. परवाही सांगितली. पण या वेळी सांगता सांगता मला स्वतःचाच राग आला, भर पंगतीतून उठलो आणि बाहेर पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत राहिलो. बायको कोट घेऊन मागे आली, काय झालं म्हणाली. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ताही नाही. पण आदर वगैरे काही नव्हतं, बाई. तुम्ही पहिल्याच दिवशी परवानगी दिली होतीत आणि तोपर्यंत मी तुमच्या डझनभर चुका दाखवल्या होत्या; प्रत्येक वेळी तुम्ही खूश झाला होतात. त्या दुपारी मला रेगेन्सबर्गला मुलाखतीसाठी निघायचं होतं, तिकीट त्याच एका गाडीचं होतं, आणि चूक सांगितली असती तर खालच्या सगळ्या ओळी पुन्हा बसवेपर्यंत मला तिथून उठता आलं नसतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी बुटांची नाडी बांधत होतो.