ह्यांचं नाक आणि जावयाची कडू बिअर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात की अजून रुसलेलेच आहेत, ते कळव. भाऊजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर निदान त्यांनी तो मान्य केला का?) इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. बाकी गेल्या रविवारी तुझ्या बहिणीने भर दुपारी जावयासमोर बसून बिअर प्यायली. आधी खुर्ची ओढून बस, मग पुढचं वाच.

हिवाळ्यातल्या त्या तापात ह्यांचा वास गेला. म्हणजे ह्यांना वास येईनासा झाला (तू भलताच अर्थ काढशील म्हणून सांगितलं). उभा जन्म बेकरीत गेलेला माणूस. भट्टीचं दार न उघडता, नुसत्या नाकाने पाव झाला की नाही ते सांगायचे. आता कॉफी आणि गरम पाणी ह्यांना सारखंच. पण हे माझ्याशिवाय कुणाला कळू दिलं नाही. लेकीला म्हणाले, मला कंटाळा आला, आता बेकरी तू सांभाळ, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. जेवण म्हणजे टपालावर शिक्के मारावेत तसं. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, नाक निवृत्त झालंय, त्याला आता झोपू दे.

अशात आमचा जावई. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरी आला की बोलत नाही. तो बेकरीमागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांशेजारी, कित्येक महिने बिअर बनवत होता. तिच्यात म्हणे हॉप्स नावाची फुलं घालतात, हिरवी आणि जहाल कडू. ह्याने ती सढळ हाताने घातली, वर बिअरही चांगली कडक केली. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला ती ठेवायला तयार होता, पण ह्याचं एकच: बाबांच्या नाकाने पास केली तरच विकीन. रविवारी बाटली टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तशी घेऊन आला. रंग, फेस, वास, चव, प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे म्हणाला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत शेजारच्याकडे बघतात ना, तसं.

मग मी काय करणार? म्हटलं, आधी मला द्या, आणि ग्लास नाकाशी धरून मोठमोठ्याने सांगायला लागले. संत्र्याची साल आहे. नुकतं कापलेलं गवत आहे. फरशी पुसायचं औषध आहे. ह्यांनी ग्लास घेतला, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, ‘संत्रं आहे खरं. शिवाय जंगलासारखा स्वच्छ वास.’ जावई फुलला. वासाला आठ. मग माझ्यावर चवीची वेळ आली. पहिल्या घोटाला कानात दडे बसले, इतकी कडू. दुसरा घेतला तो पहिला खरंच तसा होता का, हे बघायला. तिसरा कशाला घेतला ते आठवत नाही, पण त्यानंतर फेसाला मी दहापैकी अकरा दिले आणि जावयाला सांगून टाकलं की लग्नाआधी तू मला बहिरा वाटला होतास. ‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘ऐकू आलं होतं.’

एवढ्यात ह्यांनी मोठा घोट घेतला आणि थांबले. पुन्हा घेतला.

‘कडू आहे,’ म्हणाले.

जावयाचा चेहरा पडला. ‘जास्त झाली का?’

‘तसं नाही रे. मला कडू लागलं.’

आणि मग ताई, ह्यांनी सगळं सांगून टाकलं. नाक गेलंय, वासाचे आठ गुण तुझ्या सासूचे आहेत, ते फार मनावर घेऊ नकोस. चवीचे मात्र माझे. किती दिवसांनी काहीतरी माझ्यापर्यंत पोचलं. आमचा अबोल जावई उठला, ह्यांच्या शेजारी येऊन बसला आणि ह्यांच्या हातावर हात ठेवून तसाच राहिला. मी उगाच टेबल पुसत होते. शेवटी त्याने विचारलं, ‘फुलं थोडी कमी करू का?’

‘एकही कमी करू नकोस,’ हे म्हणाले.

सोमवारी हे बेकरीत गेले. आता पावाला टिचकी मारून आवाज ऐकतात, बोटाने दाबून बघतात आणि वास लेकीला घ्यायला लावतात. दोघं भांडतात. घरात पुन्हा आवाज आहे. भाऊजींना नमस्कार सांग, आणि जिना सावकाश चढ.

तुझी,
धाकटी

ता. क. मी तीनच घोट घेतले, हे जरा कमी करून लिहिलंय.

ता. क. खरं काम राहिलंच. हे स्वतःसाठी डॉक्टरकडे जाणार नाहीत, पण तुझा शब्द मोडायचे नाहीत. तेव्हा ह्यांना एक पत्र लिही, की मला सारख्या शिंका येतात, नाकाच्या डॉक्टरांकडे एकटीने जायला भीती वाटते, तुम्ही सोबत या. एकदा तिथे पोचले की ह्यांचं नाक पुढे करायचं काम माझं. शिंका खऱ्या वाटतील असं लिही.

ता. क. ताई, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला मी निघालोय आणि ही पाकीट चिकटवायला विसरली. तुम्हाला शिंका येतात हे वाचून वाईट वाटलं. गुरुवारी पाव लवकर आटपतो. त्या दिवशीची वेळ घ्या, मी न्यायला येतो. मी हे वाचलंय, ते हिला कळू देऊ नका. तिने फार मन लावून बेत केलाय.