हिंदीच लिव्ह

ती. कौतिकमामा,

कॉलेजच्या सर्वेक्षणासाठी मी तुकईथडला आले, तेव्हा घरी कोणती भाषा बोलता, असं तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "हिंदीच लिव्ह पोरी. आपली बोली कोन इचारते?" हे उत्तरही तुम्ही आपल्या बोलीतच दिलंत. मी हिंदी लिहिलं.

सर्वेक्षण घेणाऱ्या आमच्या सुलभा मॅडमना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्यांच्या घरची ही भाषा आहे, त्यांनीच आता आकडे मांडायला शिकायला हवं." भोपाळला संख्याशास्त्राचं दोन महिन्यांचं प्रशिक्षण आहे, तिथे त्यांनी माझं नाव दिलंय. आमच्या कॉलेजातून आजवर कुणी गेलेलं नाही.

बाबा म्हणतात, "तुझा मामा हो म्हणाला तर जा." मी जावं असं आईला वाटतं, पण त्यांना स्वतःला नको आहे, आणि समोरच्याला जे हवं तेच तुम्ही सांगता.

मनातलं सांगा, एवढं लिहायला बसले होते. पण सर्वेक्षणात उत्तर आपण सुचवायचं नसतं, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

विचारणारा मात्र बदलता येतो. रविवारी तुम्हाला विचारायला बाबांऐवजी आई येईल.

तुमची भाची,
हिमानी