काळ्या रुबियाचा गठ्ठा

८ जानेवारी, बुधवार

डोक्याचं पार भजं झालं! संक्रांत आठवड्यावर आलीय. अख्ख्या मुलुंडच्या बायकांना काळ्या रुबियाचा ब्लाउजपीस हवाय, आमच्या मॅचिंग सेंटरमध्ये उभं राहायला जागा नाही — आणि भर गर्दीत एक बाई पीस नाचवत परत. "अहो, हा काळा नाही, नेव्ही ब्लू आहे!" दारात, उन्हात नेऊन बघितला. मला काळाच दिसला.

नंदकुमारशेठ म्हणाले, "लताबाई, चौथी तक्रार. असंच चाललं तर आत फॉल लावायला बसा." तेवीस वर्षं काउंटर सांभाळलंय मी!

याच निळ्या-काळ्याच्या घोळापायी शेठनी दिवाळीत माझ्या हाताखालच्या दिपालीला कामावरून काढलं. चांगली पोरगी, पण हट्टी. म्हणे गठ्ठ्यातच घोळ आहे. गठ्ठे मी लावलेले! आता ती नाही, तरी घोळ आहेच. म्हणजे दोष दसऱ्याला लावलेल्या त्या पांढऱ्याफटक एलईडीचा!

९ जानेवारी

सापडलं! मोबाईलवर एक जण सांगत होता — एलईडीतला निळा उजेड डोळ्यांची वाट लावतो, पिवळा बरा, हिरवा सगळ्यात थंड. लगेच स्टेशनबाहेरून पिवळ्या काचांचा चष्मा आणला. घरात हिरवा बल्ब. विशाल हसून हसून लोळला. "आई, बारमध्ये आल्यासारखं वाटतंय गं!" हसू दे मेल्याला. माझं काउंटर वाचायला हवं.

११ जानेवारी

चष्मा लावून आणखी दोन चुका.

१३ जानेवारी

विशालने धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. अनुपमा नाव त्यांचं. मी तावातावाने दिव्यांची तक्रार केली. त्या म्हणाल्या, "काकू, दुकानातल्या दिव्यांनी डोळे जात नाहीत. तुम्हाला मोतीबिंदू आहे. डोळ्यातलं भिंगच पिवळं पडलंय, ते निळा रंग नीट आत येऊ देत नाही. दोन-चार वर्षं तरी झाली असतील."

आणि मी त्यावर आणखी पिवळी काच लावून हिंडत होते! घ्या!

उजवा डोळा आधी, २१ तारखेला. भीती वाटतेय. पण काउंटर!

२२ जानेवारी

पट्टी काढली!!! अगं बाई, केवढं ते निळं! मोरीतली बादली निळी, गॅसची ज्योत निळी, विशालचा शर्ट — मी हिरवा म्हणायचे तो — निळा! डाव्या डोळ्याने बघितलं की सगळं चहात बुडवल्यासारखं, उजव्याने बघितलं की झकास. दिवसभर हा झाक, तो उघड. विशाल म्हणतो, "खिडकीत नको हां आई, लोकांना वाटेल डोळा मारतेयस." मारते!

कधी एकदा दुकानात जाते असं झालंय.

३ फेब्रुवारी

आज गेले. शेठ खूश, काउंटर माझंच. मोठ्या हौसेने काळ्याच्या खणातला गठ्ठा काढला, दारात उन्हात धरला.

निम्मा निळा.

वर चिठ्ठी — 'काळा'. दसऱ्याला लावलेली. अक्षर माझं. दिपाली तेव्हाच म्हणाली होती, "ताई, यात निळं आहे." मी म्हटलं होतं, "तू मला रंग शिकवणार?"

शेठना सगळं सांगितलं, चिठ्ठी दाखवली. ती आता पर्समध्ये आहे. उद्या सकाळी कांजूरला, दिपालीच्या घरी.