खेळून शेवटी शाळेतच

शुक्रवार, टॅम्पिनीस, सिंगापूर

आज शाळा सुटल्यावर अन्वीची आई माझ्या केबिनमध्ये आली. अन्वी आमच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन. दहावी जवळ आली, संघातून तिचं नाव काढा, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत ताठ बसून मी म्हटलं, “मीही पुण्यात कॉलेजच्या संघात होते. माणसं कशी सांभाळायची ते मैदानावरच शिकले.”

बाईंनी मला नीट न्याहाळलं. मग हळहळून म्हणाल्या, “आणि शेवटी शाळेतच यावं लागलं ना, मॅडम?”

शेवटी! म्हणजे यांच्या लेखी मी वाया गेलेली मुलगी. भलतंच उत्तर तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. मी चिडले असते तर अन्वीचा खेळ संपला असता. म्हणून एवढंच म्हटलं, “मार्क घसरले तर मीच तिला संघाबाहेर बसवेन. चालेल?”

बाई विचार करत उठल्या. “बरं, खेळू दे. पण तिला शिक्षिका व्हायचं वेड लावू नका हं.”

शेवटी मी तसा शब्द दिला. “मॅम, मला पीई टीचरच व्हायचंय लाह!” असं अन्वी मला मागच्याच आठवड्यात तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, हे मात्र सांगितलं नाही.